घारेबाईंनी घेतलेला आयांचा वर्ग

श्रीमती अनसूयाबाई घारे यांना मी प्रथम पाहिले ते चाकणच्या एस.टी. थांब्यावर. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षे झाली होती. शास्त्र शिकवायला पुण्याहून एक बाई येणार, म्हणून मुख्याध्यापकांनी मला त्यांना उतरवून घ्यायला पाठवले होते. तोवर शाळेत मी एकटीच शिक्षिका होते. मराठी आणि शिवण शिकवीत असे. बाई उतरल्या. ट्रंक आणि वळकटी हमालाने टपावरून काढली. हातात चादरीत गुंडाळलेली एक लाकडी पेटी होती, ती मात्र त्यांनी कुणाला दिली नाही. मी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "ट्रंक हरवली तरी चालेल. ही पडली तर मुलांना फळ्यावरच्या चित्रावर भागवावं लागेल."

पेटीत त्यांचा स्वतःचा सूक्ष्मदर्शक होता.

आमच्याकडे शास्त्राचा तास म्हणजे एका मुलाने पुस्तक मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असा प्रघात होता. बाईंनी पहिल्याच आठवड्यात एका मुलाला घरून कांदा आणायला सांगितला. चाकणात कांद्याला काय तोटा! सगळ्यांनीच आणले. बाईंनी एकाचा आतला पातळ पापुद्रा सोलला, काचेवर ठेवला, त्यावर आयोडीनचा थेंब सोडला आणि एकेकाला भिंगातून पाहायला लावले.

"बाई, ह्या तर विटा रचल्यात!" एक मुलगा ओरडला.

"विटाच म्हण. यांना पेशी म्हणतात. पण या जिवंत आहेत, आणि तुझ्या अंगातही आहेत."

मुलाला ते पटले नाही. बाईंनी स्वच्छ काडीने स्वतःच्या गालाच्या आतली बाजू हलकेच खरवडली, ते काचेवर पसरून निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि त्याला पुन्हा बोलावले. तो बराच वेळ डोळा लावून उभा राहिला. मग त्याने आपलाच गाल चाचपून पाहिला. दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनाही मोह आवरला नाही. तेही रांगेत उभे राहिले.

बाई प्रेमळ म्हणून प्रसिद्ध नव्हत्या. घंटा होण्याआधी वर्गात येत आणि घंटा झाली तरी बाहेर पडत नसत, त्यामुळे त्यांच्या मागचा माझा तास नेहमी खोळंबे. "पुस्तकात आहे म्हणून" हे उत्तर त्यांनी कधी चालवून घेतले नाही. पण ताप आलेल्या मुलाच्या घरी चौकशीला जाणाऱ्या आणि पाणी उकळून प्यायला त्याच्या आईला बजावून येणाऱ्याही त्याच होत्या.

आता पुढचा प्रसंग लिहावा की नाही, याचा मला संकोच वाटत होता. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या अशा गौरवग्रंथात असे विषय सहसा येत नाहीत. मी बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "तोच लिहा. बाकीचं सगळं कोणीही लिहील."

आठवीत एक मुलगी होती. तिला आपण शेवंता म्हणू. आई लहानपणीच गेलेली. वडील पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर जात आणि शनिवारी घरी येत. घर आणि दोन धाकटे भाऊ शेवंताच सांभाळी. मुलगी हुशार. एकाएकी तिने शाळेत येणे सोडले. बाई मला बरोबर घेऊन तिच्या घरी गेल्या. शेवंता गोठ्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती. तोंड सुकलेले. जेवत नव्हती, असे धाकट्याने सांगितले. बाईंनी भावांना बाहेर पाठवले आणि तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. ती एकदम रडत म्हणाली, "बाई, माझ्या आत कायतरी फाटलंय. रगत थांबत न्हाई. मी मरनार हाय. माझ्या भावांचं कसं व्हईल?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तू मरणार नाहीस. तू मोठी झाली आहेस. हे मलाही आलं, या बाईंनाही आलं, तुझ्या आईलाही येत होतं." मग त्यांनी शरीरात काय होते ते तिला शांतपणे, वर्गात शिकवावे तसे समजावले. शेवंता ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मंग मला कुनी सांगितलं का न्हाई?"

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी आठवीपासून पुढच्या मुलींचा एक निराळा तास सुरू केला. शरीराचे कागदी तक्ते स्वतः काढले. त्यात हृदय, फुप्फुसे, जठर होते, आणि गर्भाशयही होते.

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. शाळा समितीचे अध्यक्ष दौलतराव यांनी बैठक बोलावली. त्यांचीही मुलगी त्या वर्गात होती. ते रागावले होते, पण बोलले मर्यादेने. "बाई, काळीज शिकवा, फुप्पुस शिकवा. ह्ये शाळंत कशापायी? हे आयांचं काम हाय."

"आयांचंच आहे," बाई म्हणाल्या. "पण आयांना तरी कोणी सांगितलं होतं? त्यांना एकदा शाळेत पाठवा. मी हाच तास त्यांच्यापुढे घेते. त्यांना अयोग्य वाटला तर तास बंद करा, आणि मीही राजीनामा देते."

दौलतराव म्हणाले, "ठीक हाय."

बाजाराच्या दिवशी दुपारी तो वर्ग भरला. दोन-चार जणी येतील असे मला वाटले होते. खोली भरून बायका मुलांच्या बसायच्या पट्ट्यांवर दाटीने बसल्या. मागे भिंतीशी दौलतरावांच्या पत्नी गंगूबाई होत्या. बाईंनी पेशीपासून सुरुवात केली. एका पेशीच्या दोन, दोनच्या चार, अशी पोटात लेकराची वाढ कशी होते ते सांगितले. पाळी का येते, ते सांगितले. प्रथम पदराआड हसू फुटले, मग ते थांबले.

तास संपता संपता गंगूबाई उठून उभ्या राहिल्या. "बाई, माझी दोन लेकरं पोटातच गेली. गिराणात मी इळी हातात घेतली म्हनून गेली, असं समदी म्हनत्यात. खरं हाय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पुष्कळदा सुरुवातीच्या पेशींचीच वाढ नीट होत नाही. तेव्हा कोणी काही करू शकत नाही. ग्रहणाचा आणि विळीचा त्यात काडीचा संबंध नाही. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही."

गंगूबाई खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. शेजारच्या बाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. घारेबाई तक्त्याजवळ तशाच उभ्या राहिल्या. कोणीही उठून गेले नाही.

त्या संध्याकाळी घरी काय बोलणे झाले, ते मला ठाऊक नाही. पुढच्या बैठकीत दौलतराव एवढेच म्हणाले, "तास चालू ऱ्हाऊ द्या." तो आजही चालू आहे. शेवंता मॅट्रिक झाली आणि सध्या पुण्यात परिचारिकेचे शिक्षण घेत आहे.

बाईंची साठी आली तेव्हा सत्कार समितीचे अध्यक्षपद दौलतरावांनी आपणहून घेतले. शाल, हार, मिरवणूक असा बेत सांगायला आम्ही गेलो. बाईंनी ऐकून घेतले. म्हणाल्या, "मोठ्या मुली शाळेत दिवसभर पाणी पीत नाहीत. का, ते तुम्हांला कळायला हवं. शाल नको. मुलींसाठी आडोशाचा संडास आणि पाण्याची मोरी बांधा."

दौलतराव हसले. "साठी झाली तरी तुमचा तास संपत न्हाई, बाई."

बांधकाम सुरू झाले आहे, भिंती छातीइतक्या आल्या आहेत. बाईंचे गुडघे अलीकडे दुखतात, तरी रोज शाळा सुटल्यावर तिकडे चक्कर मारतात आणि परवाच, खिडकी बाहेरून डोकावता येईल इतकी खाली आली म्हणून, त्यांनी गवंड्याला अर्धी भिंत उतरवायला लावली. परमेश्वर त्यांना उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती देवो. आणि आमच्या अर्ध्या भिंती उतरवायला त्या पुष्कळ वर्षे आमच्यात असोत.