खंडेनवमीची सुटकेस

स्टुटगार्टात पिस्तूल न्यायचं म्हणजे सिनेमातल्यासारखं कमरेला खोचून नाही हं! क्लबात नेमबाजी करणाऱ्यालाही ते रिकामं करून कुलूपबंद पेटीतूनच न्यावं लागतं. माझ्या बायकोने, शैलाने, त्यात पीएचडी केली आहे. एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, जायचं तर पेटी सॅकमध्ये, गाडीने तर डिकीत, आणि चढावर सरळ हातात, कारण सॅकचा पट्टा तिचा खांदा कापतो. दिवसभर ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुका शोधते, घरी माझ्या. मग उरलेला राग शनिवारी कागदाच्या निशाणावर निघतो. मी त्या क्लबाचा जन्मभर ऋणी आहे.

त्या रविवारी क्लबाच्या संघातली शेवटची जागा ठरणार होती. दोन वर्षं शैलाचा जीव त्या जागेत अडकलेला. अकराला हजर नाही, तर जागा गेली. आणि नेमकी खंडेनवमी! पुण्याहून आलेल्या माझ्या आईने सकाळीच माझे पाने, लॅपटॉप, दोन्ही सॅक, सगळं पाटावर मांडलं आणि शैलाच्या पेटीलाही हळदकुंकू वाहिलं.

शैला आंघोळ करून आली ती किंचाळलीच. "आई, मला निघायचंय!"

"पूजलेलं शस्त्र उद्यापर्यंत हलवायचं नाही," आई म्हणाली.

शैलाचे डोळे भरले. मग एकदम खो खो हसत सुटली. "अहो आई, पेटी रिकामी आहे! पिस्तूल अजून तिजोरीत आहे!"

"मग पिस्तूल ने खुशाल. पेटी हलणार नाही."

झाली पंचाईत! घरात कुलूप लागेल अशी प्रत्येक वस्तू पूजेला बसलेली, माझी हत्यारपेटीसुद्धा. उरली फक्त आईची विमानातून आलेली अवाढव्य सुटकेस. तिच्यात टॉवेलांच्या गादीवर एवढंसं पिस्तूल झोपवलं, कुलूप घातलं आणि आईसकट तिघं निघालो.

"हात लावू नका, परवाना माझ्या नावावर आहे!" शैला ओरडली. ती सुटकेस पायऱ्यांवरून ओढतेय आणि मी मोकळ्या हाताने शेजारी. येणारे-जाणारे माझ्याकडे असे बघत होते की काय सांगू! मागून आईचं चालूच, "अगं, चाकं मोडतील!"

क्लबातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "फ्राऊ देवधर, राहायला आलात?"

शेवटच्या गोळीला नऊ गुण हवे होते. आईने माझा दंड असा चिमटला की काळानिळा पडला. शैलाने श्वास सोडला. ठो!

दहा!

सगळ्या जर्मनांच्या देखत आई पुढे धावली, सुनेच्या गालांवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. इंजिनिअर होऊन मी इतकी वर्षं इथे राबतोय, माझी एकदाही दृष्ट काढली नाही हो तिने!