नाडीचा करकोचा

कोरोनात बंद पडलेली कातडीच्या कॅन्सरची तपासणी पुन्हा सुरू झाली, म्हणून मी हातावरचा तीळ दाखवायला गेले. बाकावर शेजारी बसलेल्या मावशी सारख्या कमरेत अंगठा घालून परकराची नाडी सैल करत होत्या.

“खाज येते का हो?” मी विचारलं.

“यायची, तेव्हा इथं कुलूप होतं. मग नाडीची गाठ दुसऱ्या बाजूला बांधायला लागले. आता नाडी घासून झालेली जखम वाहते, पण खाज नाही, दुखत नाही.” आवाजात चक्क समाधान होतं.

अंग गप्प झालं, की आपण त्याला बरं झालं म्हणतो.

माझा तीळ साधाच निघाला; नाडीच्या रोजच्या काचानंही कातडीचा कॅन्सर होऊ शकतो, असं डॉक्टर जाता जाता म्हणाले. घरी येऊन माझ्या परकराची नाडी सोडली. कमरेवर नाडीनं पडलेल्या जुन्या काळ्या करकोच्यावरून बोट फिरवलं. एका जागी बोट लागल्याचं कळलंच नाही.