वाढ धरून ठेवणारं जाळं

माझा मोठा भाऊ पोलीस भरतीत छातीवर अडकला. नव्वदीची सुरुवात होती. उंचीला तो ताडमाड. दिवाळीच्या साफसफाईत गल्लीतल्या बायका माळ्यावरचे डबे काढायला त्यालाच हाका मारायच्या, आणि मी त्याला शिडी म्हणायचे. पण छाती खोलगट. कितीही फुगवली तरी मापात बसेना. आईने लगेच निदान केलं, "पोरगं नुसतं उंच झालं, अंगाला काही लागलंच नाही." मग खारीक-खोबरं सुरू झालं आणि दादा पंचवटीतल्या एका तालमीत वजनं उचलायला लागला. आम्हा सगळ्यांना तेच बरोबर वाटत होतं.

एकदा वजन उचलताना त्याला भोवळ आली. दवाखान्यात हृदयाचा इको काढला, तेव्हा कळलं की हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी मुळाशीच फुगली आहे. दोष जन्माचा, लांब हातपाय, खोलगट छाती, सगळं त्यातलंच. शरीरातला धागा कच्चा आहे, डॉक्टर म्हणाले, वजनं आजपासून बंद. रोज आम्ही त्याला मरणाच्या दारात ढकलत होतो आणि वर हातात खारीक देत होतो. त्याचा मला अजून संताप येतो. कुणाचा, ते मात्र सांगता येत नाही.

दादा अंबडच्या एका कारखान्यात बैठ्या कामाला लागला. गोळ्या घेत राहिला, लग्न झालं, मुलगा झाला. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. पेशींच्या मधल्या जागेतली प्रथिनं म्हणजे विटांमधलं सिमेंट, असं मी वर्गात बिनधास्त ठोकून द्यायचे. दोन हजार सालानंतर दादाच्या नव्या डॉक्टरांनी माझी ती समजूत मोडली.

"मॅडम, पेशींमधलं ते प्रथिनांचं जाळं नुसता आधार देत नाही," ते म्हणाले. "पेशींना वाढायचा, बदलायचा हुकूम देणारी द्रव्यं ते बांधून ठेवतं आणि लागतील तेव्हाच सोडतं. यांच्या जाळ्यातलं फायब्रिलिन नावाचं प्रथिनच सदोष आहे. दावं तुटल्यावर जनावर शेतभर फिरतं ना, तसं झालंय. हुकूम थांबतच नाहीत आणि रक्तवाहिनीची भिंत बिघडत जाते."

वाढ कमी पडली म्हणून आम्ही ज्याला खाऊ घालत होतो, त्याच्या आत वाढीला आवरणारंच काही धड नव्हतं. मला तिथेच रडू आलं.

मग डॉक्टर म्हणाले, मुलालाही तपासून घ्या, हे वारशाने उतरतं. दादा भडकला. "त्याला काही झालेलं नाही. उंच आहे, एवढंच!" वर्गात सगळ्यांच्या वर डोकं काढणारा तो पोरगा आम्ही रोज बघत होतो. भांडून, अबोला धरून, शेवटी वहिनीला पुढे करून मी दादाला तयार केलं.

इकोच्या खोलीत मुलाच्या फासळ्या मोजता येत होत्या. डॉक्टरांनी पडद्यावर दोनदा माप घेतलं. "रक्तवाहिनीचं मूळ थोडं रुंद आहे," ते म्हणाले. "औषध आत्तापासून देऊ. दर वर्षी यायचं."

दादा मुलाच्या शर्टाची बटणं लावायला लागला. मुलगा खूश होता, काही दुखलं नव्हतं. त्याने विचारलं, "पप्पा, मी तुमच्याएवढा होणार ना?"

दादाने शेवटचं बटण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. वहिनी म्हणाली, "आधी चप्पल घाल."