कपडे झटकणारा रोबोट

“काका, लॉट परत घेऊन जा. बर्र आहे,” अभिजित फोनवर म्हणाला. तेव्हा बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये त्याचाच पुढचा लॉट मशीनवर होता.

बर्र म्हणजे धातू कापल्यावर कडेला राहणारी बारीक धार. अभिजितची कंपनी घरकामाचे रोबोट बनवते. ज्या बोटांनी रोबोट धुतलेले कपडे उचलून घड्या घालतो, ती मी पुरवायचो. आता म्हणे त्या बोटांनी कपड्यांचे धागे निघत होते.

मी निपाणीहून हेल्पर म्हणून आलो आणि लेथवर उभा राहून शिकलो. ‘याच्या मालाला बर्र असतो’ असं पीण्यात पसरलं, की कोणी ड्रॉइंगसुद्धा दाखवत नाही. शिवाय हा भाव पाडायचा डाव असणार, असा मला संशय होता. तसाच महादेवपुऱ्याला त्याच्या ऑफिसात गेलो.

बायकोचा रेशमी ब्लाउजपीस बरोबर नेला होता. रिजेक्ट केलेल्या बोटांवरून तो फिरवला. कुठेच अडकला नाही.

“काका, QC असं नसतं,” अभिजित हसला. पुण्याचा पोरगा, लॅपटॉपवरची नजर हटेना.

“मग चालवून दाखव.”

रोबोटने टोपलीतून शर्ट उचलला, दोनदा फटाफट झटकला, घडी घातली आणि वरून हात फिरवला.

“याला झटकायला कोणी शिकवलं?”

“AI आहे काका. शिकतं आपोआप.”

“दोरीवरच्या कपड्यात मुंगी असेल म्हणून घरची बाई झटकते. मशीनला मुंगीची कसली भीती?”

त्याची नजर लॅपटॉपवरून बाजूला गेली. शेजारच्या केबिनचे पडदे भरदुपारी ओढलेले होते. मी दार ढकललं. आत एक बाई डोळ्यांवर हेडसेट लावून रिकाम्या हातांनी हवेत शर्ट झटकत होती. बाहेर रोबोट तिच्या हातांबरोबर तेच करत होता.

“अक्का, झटकायला यांनी सांगितलं?” मी कन्नडमध्ये विचारलं.

ती दचकली. “नाही अण्णा. सवय आहे. हात थांबतच नाहीत.”

मी बरोबर आणलेलं बोटांचं ड्रॉइंग अभिजितच्या टेबलावर आपटलं. “यात सावकाश ओढ लिहिली आहे. झटका कुठे आहे? झटक्याने कापड बोटांतून सरकतं आणि धागा निघतो. बर्र म्हणे!”

“काका, स्वल्प हळू बोला. उद्या इन्व्हेस्टर येतायत.”

“मग आजच मेल टाक. माल ओके, बर्र नाही. आणि त्या बाईला काढायचं नाही. नाहीतर उद्या मीही येतो डेमो बघायला.”

“सरी, काका, टाकतो,” तो पुटपुटला. मेल माझ्या समोरच गेला.

लॉट त्यांनी ठेवून घेतला. पुढची ऑर्डर मात्र कोइमतूरला गेली. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. राग अजून आहे. आता माझा पार्ट रिजेक्ट झाला, की मी आधी मशीन कोण चालवतं ते बघतो, मग पार्ट.