चौदा नंबरची खुर्ची

तळवड्यात अक्कल कुणाला आहे, असं कुणी अपेक्षाला विचारलं असतं, तर तिनं घटकाभर विचार करण्याचं नाटक केलं असतं आणि मग मोफत अभ्यासिकेतल्या चौदा नंबरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं असतं. त्या खुर्चीवर बाईसाहेब स्वतः बसायच्या. बाकीचं गाव तिच्या लेखी निव्वळ मेंढरं.

ही अभ्यासिका अर्जुनरावांची. रस्त्याकडेची जमीन विकून गबर झालेला माणूस, दुधाच्या डेअरीवर दोन मजले चढवले आणि वडिलांच्या नावानं अभ्यासिका काढली. एसी, वायफाय, गार पाणी, सगळं फुकट. अपेक्षा दोन वर्षं तिथं सरकारी परीक्षेचा अभ्यास करत होती. घरी दोन खोल्या, टीव्ही सदा चालू, पप्पा चाकणच्या कंपनीत शिफ्टला, त्यामुळे दिवसा झोपलेले. घरी अभ्यास होणं अवघड होतं, हे मात्र खरं होतं.

रखडलेली महापालिकेची निवडणूक एकदाची लागली आणि अर्जुनराव उभे राहिले. मग काय विचारता! कुणाकडे मिक्सर आला, कुणाकडे साडी, बायांना तुळजापूरला न्यायला बसा लागल्या. अपेक्षाची आई जयमाला साडीही घेऊन आली आणि देवीचं दर्शनही करून आली. पप्पांचं तर गल्लीत पेव्हर ब्लॉक बसले तेव्हाच समाधान झालं होतं.

"एका साडीत पाच वर्षं विकलीत तुम्ही!" अपेक्षा कडाडली. "डोकं वापरा जरा. मत म्हणजे काय, कळतं का?"

"तू शिकलीयास, तुला कळतंय," जयमाला म्हणाली. "पीठ मळून दे आधी."

अपेक्षानं नाक मुरडलं आणि पुस्तकं घेऊन अभ्यासिकेत गेली. तिथल्या एसीत बसून लोक किती स्वस्तात विकले जातात, यावर तिला फार चांगलं सुचायचं. आपण कशात बसलोय, हा प्रश्न दोन वर्षांत एकदाही तिच्या डोक्यात आला नव्हता. एवढी मोठमोठी पुस्तकं वाचली, तरी नाही.

त्याच आठवड्यात अभ्यासिकेनं निबंधस्पर्धा ठेवली: 'माझे मत आणि माझे मन.' अपेक्षानं सहा पानं लिहिली. मत द्यायच्या आधी मन घडवावं लागतं, वाचावं लागतं, प्रश्न विचारावे लागतात, आपल्याच समजुतींवर शंका घ्यावी लागते. घेतलेल्या वस्तूचं ओझं घेऊन जो मतदार केंद्रात जातो, त्याचं बोट त्याचं राहत नाही. मोठं झकास लिहिलं होतं, उगाच कशाला नाही म्हणा.

आणि चौथ्या पानावर एक खरीखुरी गोष्ट होती. गावठाणामागच्या भंगारच्या गोदामात वायरी आणि रबर जाळायचे. सगळी गल्ली खोकायची. जयमालाला तर दोन वाक्यं सलग बोलता यायची नाहीत. तेव्हा छबूबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका, वय एकसष्ट, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेऊन गेली. एकदा नाही, वर्षभर जात राहिली. साहेब भेटेना तेव्हा दारात चटई टाकून बसली, पण जाळणं बंद करूनच उठली. आता तीच छबूबाई अर्जुनरावांच्या विरोधात अपक्ष उभी होती. अपेक्षानं लिहिलं, मत अशा माणसाला द्यावं. गोदाम अर्जुनरावांच्या भाच्याचं, सयाजीचं होतं, ते मात्र तिनं लिहिलं नाही. तेवढं व्यवहारज्ञान तिच्यात आधीपासूनच होतं.

पहिला नंबर आला. अर्जुनरावांच्या हातून शाल मिळाली, फोटो झाले. अपेक्षा चार दिवस जमिनीवर नव्हती.

पाचव्या दिवशी शेजारी मिक्सर आला आणि त्याच्या खोक्यातून एक रंगीत पत्रक निघालं. त्यावर अपेक्षाचा फोटो. खाली ठळक अक्षरात: 'या अभ्यासिकेनं माझं मन घडवलं. कु. अपेक्षा, सुशिक्षित मतदार.' त्याखाली तिचा निबंध. वस्तूचं ओझं, बोट त्याचं राहत नाही, सगळं जसंच्या तसं, आणि हे सगळं मिक्सरच्या भांड्यात घडी घालून ठेवलेलं! चौथं पान तेवढं गाळलं होतं.

अपेक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच तरातरा निघाली. अभ्यासिकेचा जिना चढताना तिनं मनातल्या मनात भाषण तयार केलं. माझी परवानगी घेतली होती का, माझं लिखाण तोडायचा तुम्हाला काय अधिकार, आत्ताच्या आत्ता पत्रकं परत घ्या. वर टेबलाशी नवनाथ बसला होता. अभ्यासिका तोच बघायचा, अर्जुनरावांचा उजवा हात.

"या ताई, या!" तो हसून म्हणाला. "काय लिहिलंय राव तुम्ही! दादा लई खूश. बरं झालं आलात. निवडणूक झाली की वरच्या मजल्यावर जिम होणारे, निम्म्या खुर्च्या कमी. कुणाला ठेवायचं त्याची यादी करतोय. तुमचं नाव पहिलं. परीक्षा कधीये तुमची? बावीस दिवसांवर ना?"

जिन्यातलं भाषण जिन्यातच राहिलं. अपेक्षानं हातातल्या पत्रकाकडे पाहिलं.

"फोटो जरा जुना घेतलाय हो," ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

लाज वाटली का? वाटली की. कान तापले, पुस्तकातली ओळ पुढे सरकेना. पण शिकलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला लाजेवरही मुद्दे काढता येतात. तिनं काढले. एक अभ्यासिका टिकली तर शंभर मुलं घडतील. धूर तर बंद झालाच आहे. छबूबाई भली आहे, पण सभागृहात बोलता येईल का तिला? दोन वर्षं घडवलेलं मन आता निमित्तं शोधायला जुंपलं होतं, आणि कामाला चांगलं वाघ होतं.

दोन दिवसांनी छबूबाईच प्रचाराला दारात आली. बरोबर दोन बाया, गाडी नाही, ताशा नाही. तिचं चिन्ह शिवणयंत्र, ते साध्या कागदावर छापलेलं.

"पोरी, माझ्याबद्दल लिवलंस म्हणं," ती म्हणाली. "गल्लीतल्या बाया सांगत व्हत्या. त्या कागदात तर काय दिसलं न्हाई मला."

"जागा कमी पडली असेल त्यांना," अपेक्षा म्हणाली.

"व्हय, पडली असंल," छबूबाई म्हणाली. तिनं अपेक्षाच्या परीक्षेची चौकशी केली, अभ्यास नीट कर म्हणाली आणि पुढच्या दाराकडे गेली. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर अपेक्षाला बरं वाटलं असतं.

मतदान महापालिकेच्या शाळेत होतं. आत उमेदवारांचे प्रतिनिधी यादी घेऊन बसलेले, त्यात नवनाथ. अपेक्षाचं नाव आलं तशी त्यानं यादीत खूण केली आणि मान डोलावली. बस, एवढंच. एका प्रभागातून चार नगरसेवक, म्हणून मतं चार द्यायची. पहिली तीन अपेक्षानं फटाफट दिली, माहिती काढून, शिक्षण बघून, अगदी निबंधात लिहिलं होतं तशी. चौथ्या यादीत वर पंखा, तो अर्जुनरावांचा. खाली शिवणयंत्र.

पुठ्ठ्याच्या आडोशाला ती एकटी होती. तिथं नवनाथचे डोळे पोचत नव्हते, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. तिलाही कळत होतं. तरी तिच्या डोळ्यांपुढे परीक्षा आली, घरातला टीव्ही आला, ती खुर्च्यांची यादी आली. तिनं पंखा दाबला. मशीन लांबलचक वाजलं. बाहेर पडताना नवनाथनं पुन्हा मान डोलावली आणि तीही हसली. वर हसली!

घरी जयमाला भाकरी थापत होती. अंगावर अर्जुनरावांची साडी, बोटावर शाई.

"झालं का देऊन?" अपेक्षानं साडीकडे बघत विचारलं. "फेडलेत उपकार?"

"कसले उपकार? म्या कधी मागाय गेलते त्याच्याकडं?" जयमाला म्हणाली. "दिली, नेसले. मत छबूबाईला दिलंय."

अपेक्षानं आईच्या बोटावरच्या शाईकडे पाहिलं.

"अशी काय बघतीस? तूच तर लिवलंवतंस. तुझी कच्ची वही पडली व्हती हितं, अडखळत अडखळत वाचली म्या. ते धुराचं, चटई टाकून बसल्याचं. वाचता वाचता मला रडाया आलं बघ. आपल्यासाठी बसली ती म्हातारी, अन् आपण साडीची घडी मोडून बसलो. मग गल्लीतल्या बायांनाबी वाचून दाखवलं. आमी अकरा जणींनी तिलाच दिलं." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि लेकीकडे वळून कौतुकानं हसली. "आता तुझं धरून बारा. व्हय ना?"

तव्यावरची भाकरी उलटली, फुगली, खाली उतरली.

"मतदान गुप्त असतं, मम्मी," अपेक्षा म्हणाली.