धुरावरचा टोफू आणि आम्ही चौघी

किस्से म्हणून कुणी काही लक्षात ठेवत नाही हो. संध्याकाळी घरी जाऊन साडी बदलायला घेतली की पदराला धुराचा वास येतो, आणि त्या वासाबरोबर दिवसभरात कोण काय बोललं तेही आठवतं. मग एकटीच हसत बसायचं. घरचे म्हणतात, "आली वाटतं फॅक्टरीतून!"

फॅक्टरी कसली, अंबरनाथ एमआयडीसीतला एका गल्लीच्या टोकाचा गाळा. आम्ही सोयाबीनचं दूध काढून त्याचा टोफू करतो. दिसायला पनीरच. फरक एवढाच की आमचा टोफू आंब्याच्या लाकडाच्या धुरात चार तास बसून येतो. मालकीण रेश्मादीदी, उल्हासनगरच्या सिंधी. आधी त्यांचा पापडाचा धंदा होता. धुरावर मंदा, पालेगावची. पॅकिंगला प्रज्ञा, ती बदलापूरहून येते. आणि मी सुमन. सोया भिजवण्यापासून फरशी धुण्यापर्यंत सगळं माझं.

*

सुरुवातीला धुराची पेटीबिटी काही नव्हती. दीदींनी घरचं जुनं लोखंडी कपाट आणलं, खालच्या कप्प्यात आंब्याच्या ढलप्या पेटवल्या आणि वरच्या कप्प्यांत जाळ्यांवर टोफू मांडला. दार लावलं. थोड्या वेळानं कुलपाच्या भोकातून धुराची एक बारीक निळी रेघ निघाली आणि आढ्यापर्यंत गेली. आम्ही चौघी माना वर करून बघतच राहिलो. इतकी छान दिसत होती ती!

तेवढ्यात शेजारच्या गाळ्याचा वॉचमन बादली घेऊन धावत आला. "मॅडम, कपाट जल रहा है!" आणि ओतलं पाणी!

दीदी नखशिखांत भिजल्या. पदर पिळत शांतपणे म्हणाल्या, "भैया, कपाट नहीं है. नाश्ता है!"

*

शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका डेअरीत आम्ही पहिली पाकिटं ठेवली. दुसऱ्याच दिवशी डेअरीवाल्याचा फोन. एक आजोबा पाकीट परत घेऊन आलेत आणि भांडतायत. प्रज्ञाला पाठवलं.

आजोबा म्हणाले, "पनीर जळकं आहे. वास बघ!"

प्रज्ञानं डेअरीवाल्याकडून तवा मागून घेतला. पातळ काप केले, तेलाच्या दोन थेंबांवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजले, वर लिंबू पिळलं आणि कागदावर त्यांच्या हातात दिले. आजोबांनी एक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला डोळे मिटले. डेअरीत गिऱ्हाइकं उभी, मागून कुणी तरी "चला की काका" म्हणतंय, आणि हे आपले डोळे मिटून उभे.

प्रज्ञा घाबरली. "आजोबा, बरं वाटतंय ना?"

"थांब गं," ते म्हणाले, "आत्ताच गावी पोचलोय!"

*

प्रज्ञाला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा तिला आवडला होता, त्यामुळे पोरीचा जीव टांगणीला. पोहे तिनेच करायचे होते. तिनं काय केलं, शेंगदाण्यांऐवजी आमचा टोफू बारीक चिरून, तळून कांदेपोह्यांत घातला!

मुलाच्या आईनं पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "मुलीला करपवायची सवय आहे का?"

प्रज्ञाची आई पदराशी चाळा करायला लागली. प्रज्ञा म्हणाली, "हो काकू. मला त्याचाच पगार मिळतो!"

मुलगा जो हसत सुटला, तो ठसका लागेपर्यंत. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं डिश पुढे केली. "अजून आहेत का?"

मागच्या महिन्यात लग्न झालं. ती काकू, म्हणजे आता सासू, दर शनिवारी निरोप धाडते: येताना करपलेलं आण!

*

एकदा भर दुपारी लाइट गेली. दळायचं मशीन थांबलं, पंखे थांबले, शेजारची खडखडही थांबली. धुराला काही लाइट लागत नाही. तो आपला चाललाच होता. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा खाली उतरला होता आणि त्यात धूर तरंगत होता, पाण्यात दूध सोडल्यासारखा. आम्ही क्रेटवर बसून बघत होतो. मंदा म्हणाली, "ढगात बसल्यासारखं वाटतंय." पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. चौघीही झोपलो होतो, दीदीसुद्धा, सोयाच्या गोणीवर डोकं ठेवून! चार तासांचा टोफू सात तास धुरात राहिला. बाहेर काढला तर गुळाच्या रंगाचा.

दीदींनी कपाळाला हात लावला. "गया माल."

फेकवेना, म्हणून वाटून घरी नेला. मी वांग्याच्या भरतात कुस्करून घातला, तर गॅसवरच्या भरताला चुलीची चव आली. दीदींनी सिंधी कढीत भेंडीबरोबर सोडला. एक लादी त्यांनी ओळखीच्या हॉटेलवाल्याला, झोपेचा किस्सा सांगून, चाखायला दिली. त्याचा सकाळी सकाळी फोन, "दीदी, वो नींदवाला माल और है क्या?"

*

मंदाचे सासरे, आबा, खूप थकलेत. आताची माणसं त्यांना ओळखू येत नाहीत, कधीच गेलेली त्यांची आई मात्र घरातच आहे असं वाटतं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरसाठी सुकी मासळी बंद केली, तर आबांनी जेवणच सोडलं. चार दिवस नुसता चहा. मंदा कामावर येऊन रडायची. "सुकं दिलं तर बीपी, नाही दिलं तर उपास. काय करू, सुमनताई?"

दीदींनी तिच्यासाठी एक लादी मिठाच्या पाण्यात न घालता वेगळी धुरावर ठेवली. रविवारी मी मंदाबरोबर पालेगावला गेले. तिनं बोंबलासारखे लांब तुकडे केले, लसूण ठेचून लाल मसाल्यात परतले आणि चिंचेचा कोळ घातला. बरोबर तांदळाची भाकरी. मला म्हणाली, "खोटं नाही सांगणार हां. त्यांनी विचारलं तर सांगेन, मासा नाही म्हणून."

आबांनी ताट जवळ ओढलं. एक तुकडा उचलला, वास घेतला आणि खाल्ला. मग दुसरा. जेवता जेवता त्यांची बोटं तुकड्यात काही तरी चाचपत होती. दाबायची, पुन्हा चाचपायची. मध्येच थांबले आणि मंदाकडे बघितलं.

"काटं कोनी काढलं गो?"

मंदानं सांगायला तोंड उघडलं.

"आयनी?" आबांनी विचारलं.

मंदा माझ्याकडे बघायला लागली. मी ताटाकडे. आबा वाट बघत होते.

"हो, आबा," ती म्हणाली.

आबा हसले. भाकरी संपवली, पण दोन तुकडे ताटाच्या कडेला सरकवले. "यवडं तिला ठेव. ती मागनं जेवते."

ते हात धुवायला उठले. मंदानं ताट उचललं नाही. त्याच्यावर दुसरं ताट झाकून ठेवलं.