दूध संघाचं थ्री-एटी-सिक्स

कॉम्प्युटरवाल्याची गोष्ट म्हणल्यावर तुमाला वाटत असंल, आता हा सांगणार की मशीन बंद पडलं, सगळे हबकले, ह्यानं एक स्क्रू पिळला, मशीन चालू झालं आणि पेढे वाटले. पेढे वाटले, ते खरंय. पण सुरुवातीलाच. त्याच्यानंतर गोड असं काही न्हाई. ज्याला गोडच पायजे त्यानं इथंच उतरावं, पुढं स्टॉप न्हाई.

तर मी दूध संघाच्या मीटिंगमध्ये उभा हाय. पाथरी रोडला हा संघ. समोर अध्यक्ष आप्पासाहेब, बाजूला संचालक, सगळ्यांच्या तोंडात सुपारी. मी परभणीच्या हमीदभाईच्या दुकानातला हार्डवेअर इंजिनेर. इंजिनेर म्हणजे औरंगाबादला सहा महिन्यांचा कोर्स आणि स्वतःचा स्क्रूड्रायव्हर.

आप्पासाहेब नाकातून बोलायचे. "पोरा, आमचा ट्रॅक्टर वडलांच्या टायमापासून चाललाय. हे तुझं मशीन किती वर्षं चालंल?"

इथं तुमाला थोडं सांगावं लागंल. मशीनचं डोकं म्हणजे प्रोसेसर. तवा तीन मिळायचे. टू-एटी-सिक्स, म्हणजे रिटायर व्हायला आलेला मास्तर. थ्री-एटी-सिक्स, म्हणजे कमावता माणूस. आणि फोर-एटी-सिक्स, म्हणजे मुंबईचा जावई, लय हुशार आणि लय महाग. पण लोक डोकं बघतात आणि तिथंच फसतात. खरं बघायचं असतं ते मदरबोर्ड. ज्या हिरव्या पाटीवर हे डोकं बसतं ती पाटी. टू-एटी-सिक्सच्या पाटीवर टू-एटी-सिक्सच बसणार. उद्या मोठं डोकं पायजे झालं की पाटी फेका, नवी आणा.

मी म्हणलं, "साहेब, जावई आज परवडत न्हाई. मास्तर उद्या पुरत न्हाई. आपण थ्री-एटी-सिक्स घेऊ, पण असल्या पाटीवरचं की जिच्यावर फोर-एटी-सिक्सची जागा रिकामी ठेवलेली हाय. काम वाढलं की फक्त डोकं आणायचं, दाबायचं, झालं. दहा वर्षं बघायला नको."

"दहा," आप्पासाहेब म्हणाले. "लिहून घ्या."

मी सोबत आणलेल्या मशीनचं कॅबिनेट, म्हणजे डबा, उघडून सगळ्यांना ती रिकामी जागा दाखवली. त्याला सॉकेट म्हणतात. चौकोनी, चाळणीसारखी बारीक भोकं. संचालक देवदर्शनासारखे एकेक करून वाकून गेले. मी जोरात होतो. म्हणलं, "ही नुसती भोकं न्हाईत साहेब, ही संघाची प्रॉपर्टी हाय. आज रिकामी दिसती, पण उद्याचं सगळं हिच्यात हाय."

कोपऱ्यात स्टोअरकीपर जाधवमामा उभे होते. त्यांनी मान हलवली. ती मान मी तवाच बघायला पायजे होती.

मशीन चालवायला वाघमारेताई आल्या. बोरीच्या. गावातली बालवाडी सोडून आल्या होत्या. परभणीला क्लास करून त्या कॉम्प्युटर शिकल्या, रोज एसटीनं. संघानं त्यांना घेतलं, पण टेंपररी. आप्पासाहेबांची अट अशी की दर दहा दिवसांचा दुधाचा हप्ता मशीनवर वेळेत निघाला तर मार्चनंतर कायम. न्हाई निघाला तर पद रद्द, पुन्हा हातानं हिशोब. ताईंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि विचारलं, "का रे, टिकंल ना हे?"

"दहा वर्षं, ताई."

सुरुवातीला पेढे वाटले, लय भारी चाललं. सकाळ-संध्याकाळचं दूध, त्याचं फॅट, त्याचा दर, सगळं ताई भरायच्या आणि दुपारून बिलं निघायची. शेतकरी बिल उन्हात धरून बघायचे, जसं काही आतून नोट दिसंल. मी गेलो की ताई चहा पाजायच्या आणि मी आप्पासाहेबांचा आवाज काढायचो. "वाघमारेबाई, हे मशीन दूध किती देतं?" ताई पदर तोंडाला लावून हसायच्या.

मग संघानं जिंतूरकडची गावं जोडली. दूध दुप्पट झालं. बिलाचा प्रोग्राम सुरू केला की थ्री-एटी-सिक्स काळ्या रानात रुतलेल्या गाडीवाणी चालायलं. तेवढं पण चाललं असतं. पण मधेच लाईट जायची. युपीएस पाणी पिऊन येईपर्यंत टिकायचा. आणि प्रोग्राम असा की अर्ध्यात मेला की पुन्हा पहिल्या गावापासून. म्हणजे लाईट जायच्या आधी काम संपलं तर संपलं.

मी म्हणलं जनरेटरची लाईन ऑफिसला द्या. जाधवमामा म्हणाले, "जनरेटर दुधासाठी हाय, कागदासाठी न्हाई. कागद नासतो का?"

एक हप्ता उशिरा गेला. दुसरा पण. गेटवर शेतकरी किटल्या आपटायले. आप्पासाहेबांनी ताईंना बोलावून सांगितलं, "बाई, आता एकच संधी."

मी बिनघोर होतो. ह्यासाठीच तर ती जागा ठेवली होती! हमीदभाईनं मुंबईवरून फोर-एटी-सिक्स मागवला. पार्सल औरंगाबादला अडकलं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, बंद, एसटी जाग्यावर. ऑफिसातला एक क्लार्क ताईंना म्हणाला, "तुमच्या बंदामुळं चिप आली न्हाई बघा."

ताई कीबोर्डवरून नजर न काढता म्हणाल्या, "बंद त्यांचा हाय, ज्यांना नाव द्यायचं न्हाई. आमचा मोर्चा असतो. तेवढं तरी नीट शिका."

हप्त्याच्या आदल्या दिवशी पार्सल आलं. मी चिप छातीशी धरून पाथरीची गाडी पकडली. ताई दारातच उभ्या होत्या. बिलाचा डेटा भरून तयार. मी बाह्या वर केल्या, स्क्रू काढले, झाकण उचललं.

आत पांढरा ऑइलपेंट होता.

सॉकेटवर. त्या चाळणीवर. सुंदर वळणात, सावली देऊन, संघाचं नाव आणि नंबर. भोकं सगळी बुजलेली. पेंट वाळून दगड झालेला.

माझ्या तोंडून आवाज निघंना. माझा पण न्हाई, दुसऱ्याचा पण न्हाई.

जाधवमामा आले. चेहऱ्यावर अभिमान. "बघितलं का? वार्षिक तपासणीला सगळं नंबरी करून घेतलं."

"मामा, हे कुणी केलं?"

"कॅनवर नंबर टाकतो तो पेंटर. लय साफ हात हाय."

आता तुमी म्हणाल, कुणी कॉम्प्युटरच्या आत नंबर टाकतं का? तुमी दूध संघ बघितला न्हाई. तिथं प्रत्येक कॅनवर नंबर, झाकणावर नंबर, खुर्चीवर, पंख्यावर, पाण्याच्या माठाच्या तिवईवर नंबर. नंबर न्हाई ती वस्तू चोरीला गेली तर जिम्मेदारी स्टोअरकीपरची. मामांची सगळी नोकरी ह्याच्यात गेलेली. त्यांनी कॅबिनेटवर टाकला, टीव्हीवर, म्हणजे मॉनिटरवर टाकला, कीबोर्डच्या पाठीवर टाकला.

"पण आत कशाला मामा?"

"तूच म्हणाला ना भर मीटिंगमध्ये, ही संघाची प्रॉपर्टी हाय म्हणून? उद्याचं सगळं हिच्यात हाय म्हणून? मग एवढी मोलाची वस्तू बिननंबरी ठेवू? उद्या कुणी काढून नेली तर?"

माणूस बरोबर बोलत होता.

मी थिनर आणलं. ताईंनी केसातली पिन काढून दिली. मी एकेक भोक कोरायलो. पेंट मऊ व्हायचा आणि अजून खोल जायचा. आत प्रत्येक भोकात बारीक पट्टी असती, ती चिपचा पाय धरते. त्या पट्ट्याच पेंटात बसल्या होत्या. दुपार गेली. बोटं सुजली. ताई शेजारी बसून थिनरचा बोळा भिजवून देत होत्या.

शेवटी मी चिप ठेवली आणि दाबली. जरा गेली. अजून दाबली. कट असा आवाज आला. उचलून बघितली तर एक पाय मोडलेला. फोर-एटी-सिक्सला पाय लय असतात, पण एक मोडला की तो शोपीस.

मी जुन्या डोक्यावर मशीन चालू केलं. प्रोग्राम सुरू केला. गावामागून गाव सरकायलं. ताई स्क्रीनकडं बघत तोंडातल्या तोंडात गावांची नावं म्हणत होत्या. बोरी आली आणि लाईट गेली.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी चार क्लार्क बसवले आणि हप्ता हातानं काढला. चुका झाल्या, पण निघाला. मशीनवर कापड टाकलं. नव्या पाटीचा विषय पुढच्या मीटिंगला, म्हणजे कधीच न्हाई. ताईंचं पद त्याच आठवड्यात रद्द झालं. बालवाडीत त्यांच्या जागी दुसरी बाई लागलेली.

परभणीला हमीदभाईनं मला दुकानाच्या बाहेर उभं करून, चहावाल्यासमोर, पोस्टमनसमोर सुरू केलं. "अरे गधड्या! गिऱ्हाइकाला डब्याच्या आत दाखवायची काय जरूरत होती? वकील पक्षकाराला कायद्याचं पुस्तक दाखवतो का? उद्याचं उद्याचं करायलास, आजचं कोण बघणार? लाईट जाती हे तुला मालूम न्हव्हतं का? परभणीत जन्मलास की लंडनमध्ये?"

ते मी खाली मान घालून ऐकलं. ती रोजची भाकर होती. त्याच्यातून शिकलो ते एवढंच. उद्यासाठी जागा ठेवायची असंल तर ठेवा, पण त्या जागेबद्दल भाषण करू नका. आणि ज्याला काम आज काढायचंय, त्याला आज पुरंल एवढं द्या.

पण खरी बोलणी बाकी होती.

ताई हिशोब घ्यायला संघात आल्या तवा मी मोडकी चिप परत न्यायला तिथंच होतो. डबा आणि चप्पल कापडी पिशवीत भरून त्या निघाल्या. मला जे येत होतं तेच केलं. नाकातून म्हणलं, "वाघमारेबाई, मशीननं दूध देणं बंद केलं बघा."

त्या थांबल्या. पिशवी खाली ठेवली.

"हसवू नको," त्या म्हणाल्या. "आज न्हाई. चिपचा पाय मोडला तवा तुझ्या डोळ्याला पाणी आलं. मी बघितलं. मला वाटलं, बरं पोरगं हाय. आज माझं काम गेलं, तर तू आप्पासाहेबांचा आवाज काढायलास. त्यांनी मला कामावरून काढलं ते त्यांच्या आवाजात काढलं रे, मी ऐकून घेतलं. तू कशाला पुन्हा ऐकवायलास?"

मी म्हणलं, "चुकलं, ताई."

"हां. हा तुझा आवाज. हा ठेव," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून रस्त्याला लागल्या.